आधी चाके, मग नाव

रणगाड्याचे छायाचित्र समोर आले की पाहणाऱ्याची नजर आपसूक तोफेवर जाते. ते स्वाभाविकच आहे, कारण तोफ हा त्या यंत्राचा सर्वांत ठळक आणि सर्वांत धाक घालणारा भाग असतो. परंतु ज्या रणगाड्यांचे एक किंवा दोनच नमुने तयार झाले, ज्यांच्या चाचण्या झाल्या आणि ज्यांना पुढे कोणत्याही सैन्याने स्वीकारले नाही, अशा यंत्रांची ओळख जुन्या छायाचित्रावरून पटवायची असेल, तर नजर जाणीवपूर्वक खाली आणावी लागते. बर्फात रुतलेला, गवताने झाकलेला, पुष्कळदा छापताना कापून टाकलेला तो खालचा भाग सर्वांत विश्वासू साक्षीदार असतो. तोफ बदलता येते, एका गाड्याचा बुरूज, म्हणजे तोफ धरणारा वरचा फिरता भाग, काढून दुसऱ्यावर बसवता येतो, नुसता भार तोलण्यासाठी बुरुजाच्या जागी लोखंडाचा ठोकळाही ठेवता येतो. मात्र चाकांची संख्या, त्यांच्यामधील अंतरे आणि त्यांना पेलणाऱ्या स्प्रिंगांची रचना बदलायची झाली, तर गाड्याचा तळच नव्याने आखावा लागतो, आणि मग तो रणगाडा निराळाच होऊन बसतो.

गेली अनेक वर्षे मी अशा अनोळखी चिलखती वाहनांची छायाचित्रे पाहत, एकमेकांशी ताडत आणि त्यांच्या नोंदी ठेवत आलो आहे. या कामाने मला एकच शिस्त लावली: नाव शेवटी लिहायचे. ही शिस्त ऐकायला सोपी आणि पाळायला कठीण आहे, कारण मन आधी नाव ठरवते आणि मग त्या नावाला साजेसे पुरावे गोळा करण्याच्या कामाला डोळ्यांना लावते. प्रोटोटाइपच्या, म्हणजे चाचणीसाठी बनवलेल्या पहिल्या नमुन्याच्या बाबतीत ही सवय विशेष घातक ठरते. तो नमुना आपल्या मनातल्या यादीत मुळी नसतोच, आणि यादीत नसलेल्या वस्तूला यादीतलेच एखादे जवळचे नाव चिकटवून मन मोकळे होते.

अनोळखी यंत्र ओळखण्याची तयारी ओळखीच्या यंत्रांवरच करावी लागते. सोव्हिएत रणगाड्यांचे उदाहरण या दृष्टीने फार चांगले आहे. टी-४४, टी-५४ आणि टी-६२ या तिन्ही रणगाड्यांना प्रत्येक बाजूस पाच मोठी चाके आहेत, त्यामुळे केवळ मोजणीने काहीच निष्पन्न होत नाही. परंतु टी-४४ मध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या चाकांमध्ये मोठी फट आहे, टी-५४ आणि त्यापुढील टी-५५ मध्ये ती पहिल्या आणि दुसऱ्या चाकांमध्ये आहे, तर टी-६२ मध्ये पहिली तीन चाके जवळजवळ असून मागच्या दोन चाकांआधी मोकळी जागा सोडलेली आहे. एकदा हे डोळ्यांत बसले की धुरकट, हललेल्या, अर्ध्या अंधारातल्या छायाचित्रातही ती फट आधी दिसते आणि बाकीचा रणगाडा नंतर दिसू लागतो. दुरून येणारा परिचित माणूस चेहरा दिसण्याआधी चालीवरून ओळखू यावा, तसे हे होते.

महाराष्ट्रातील वाचकाला हा अभ्यास करण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. अहिल्यानगर येथे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने फेब्रुवारी १९९४ मध्ये सुरू केलेले कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, आणि माझ्या मते छायाचित्रांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या कोणीही आधी तिथल्या मोकळ्या आवारात एक पूर्ण दिवस घालवावा. तिथे दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश व्हॅलेंटाइन पाहता येतो. त्याच्या प्रत्येक बाजूला सहा चाके आहेत. त्यांतले पहिले आणि शेवटचे मोठे, मधली चार लहान. ही रचना इतकी वेगळी आहे, की व्हॅलेंटाइनच्या तळावर बनवलेले कोणतेही वाहन, त्याच्या वर काहीही बसवलेले असो, लपून राहत नाही. त्याच तळावर बनवलेली आर्चर ही स्वयंचलित तोफही, म्हणजे स्वतःच्या इंजिनावर चालणारी तोफगाडी, तिथे आहे. आर्चरची सतरा पौंडी तोफ गाडीच्या मागच्या दिशेला रोखलेली असते आणि ती झाडण्याच्या वेळी चालकाला आपली जागा सोडावी लागत असे, कारण तोफेचा मागचा भाग धक्क्यासरशी त्याच्याच आसनाकडे येई. आर्चरचे छायाचित्र पहिल्यांदा पाहणारा बहुधा तिची पुढची बाजू मागची समजतो. नळी जिकडे, तिकडे तोंड, हा आपला ठाम समज तिथे निकामी ठरतो आणि चाकांकडेच वळावे लागते. इंजिनाची शक्ती चाकांभोवती फिरणाऱ्या लोखंडी पट्ट्याला देणारे दातेरी चाक व्हॅलेंटाइनमध्ये मागे असते. ते एकदा सापडले की गाडीची दिशा निश्चित होते.

याच संग्रहात पॅटन रणगाडेही आहेत. सप्टेंबर १९६५ मधील असल उत्तरच्या लढाईनंतर आणि हवालदार अब्दुल हमीद यांच्या बलिदानानंतर ‘पॅटन’ हे नाव मराठी घराघरांत पोहोचले, पण त्या नावाखाली दोन निरनिराळे रणगाडे होते याची जाणीव फारच थोड्यांना असते. पाकिस्तानी सैन्याकडे एम-४७ आणि एम-४८ असे दोन्ही होते. एम-४७ च्या पुढच्या पत्र्यात चालकाशेजारी मशीनगनसाठी छिद्र आहे. एम-४८ मध्ये ते नाही, त्याचा चालक अगदी मधोमध बसतो आणि पुढचा भाग होडीच्या नाळेसारखा गोलाकार ओतलेला आहे. त्या युद्धाची जुनी छायाचित्रे हाती आली की मी प्रथम हे छिद्र शोधतो. त्यावरून छायाचित्रातला रणगाडा कोणता ते ठरते, कोणत्या तुकडीकडे कोणता रणगाडा होता याच्याशी ते जुळवता येते, आणि क्वचित छायाचित्र कुठल्या रणभूमीवर घेतले असावे इथपर्यंतही पोहोचता येते.

आता प्रोटोटाइपविषयी. कारखान्याच्या अंगणात किंवा चाचणीच्या मैदानावर उभ्या असलेल्या पहिल्या नमुन्याचे छायाचित्र सैन्यातल्या रणगाड्याच्या छायाचित्राहून पाहताक्षणी निराळे जाणवते. त्याच्या अंगावर संसार नसतो. युद्धातला रणगाडा म्हणजे ताडपत्र्या, फावडी, दोरखंड, पाण्याचे डबे, जास्तीचे पट्ट्याचे दुवे आणि जवानांच्या पिशव्या यांचे ओझे असते. नमुन्याचे अंग मात्र मोकळे, जवळजवळ नग्न असते. हत्यारे अडकवण्याच्या कड्याही पुष्कळदा अजून जोडलेल्या नसतात. असे नमुने कित्येकदा खऱ्या चिलखती पोलादाऐवजी साध्या मऊ पोलादाचे बनवले जात, कारण आधी पाहायचे असे ते यंत्र चालते की नाही. ते तोफगोळा अडवते की नाही हा पुढचा प्रश्न असे. बुरूज तयार नसेल तर तेवढ्याच वजनाचा ठोकळा ठेवून गाडी चालवली जाई. जर्मनीच्या १८८ टनी ‘माऊस’च्या पहिल्या नमुन्याच्या चाचण्या १९४४ च्या सुरुवातीला ब्योब्लिंगेन येथे अशाच खोट्या बुरुजासह झाल्या; खरा बुरूज, म्हणजे १२८ मिलिमीटर आणि ७५ मिलिमीटर अशा दोन तोफा शेजारी शेजारी असलेला, दुसऱ्या नमुन्यावर बसवला गेला. युद्धाच्या अखेरीस दुसरा नमुना स्फोटाने उद्ध्वस्त झाला, आणि सोव्हिएत तज्ज्ञांनी त्याचा वाचलेला बुरूज पहिल्याच्या तळावर चढवला. मॉस्कोजवळच्या कुबिंका येथे आज जो माऊस उभा आहे तो या दोहोंचा मिळून झालेला आहे. त्यामुळे माऊसच्या कोणत्याही छायाचित्राबद्दल पहिला प्रश्न ‘हा माऊस आहे का’ हा नसतो. यातला तळ कोणता, बुरूज कोणता आणि त्यावरून छायाचित्राचा काळ कोणता, हे प्रश्न विचारावे लागतात.

ई-१०० या दुसऱ्या जर्मन महाकाय रणगाड्याची गोष्ट याहून सरळ आहे आणि म्हणूनच उपयोगाची आहे. १९४५ मध्ये पाडरबोर्नजवळच्या हाउस्टेनबेक येथे दोस्त सैन्याला त्याचा अपुरा तळ सापडला, तो पुढे ब्रिटनला नेला गेला आणि अखेर भंगारात गेला. त्यावर बुरूज कधीच चढला नाही. म्हणजे बुरुजासह असलेले ई-१०० चे कोणतेही ‘जुने’ छायाचित्र समोर आले, तर ते प्लास्टिकच्या प्रतिकृतीचे, संगणकावर जुळवलेले किंवा आणखी कशाचे असेल, पण त्या रणगाड्याचे असू शकत नाही. एखाद्या यंत्राच्या आयुष्यात काय घडलेच नाही, हे ठाऊक असणे किती मोलाचे असते ते मला या उदाहरणाने शिकवले.

परंतु ज्या एका छायाचित्राकडे मी सर्वाधिक वेळा परत आलो आहे, ते डिसेंबर १९३९ मधले, फिनलंड आणि सोव्हिएत संघ यांच्यातील हिवाळी युद्धातले आहे. कारेलियातल्या सुम्मा गावाजवळ फिनी संरक्षणफळीसमोर एक प्रचंड रणगाडा बर्फात अडकून पडलेला आहे. त्याला एक सोडून दोन बुरूज आहेत: पुढे एक लहान आणि ठेंगणा, आणि त्यामागे उंच, शंकूसारख्या बैठकीवर चढवलेला मोठा. हा रणगाडा होता एसएमके, म्हणजे सोव्हिएत नेते सर्गेई मिरोनोविच किरोव्ह यांच्या नावाचा, लेनिनग्राडच्या किरोव्ह कारखान्यात बनलेला सुमारे ५५ टनांचा एकमेव नमुना.

त्या वर्षी सोव्हिएत सैन्य नव्या जड रणगाड्याच्या शोधात होते. किरोव्ह कारखान्याने दोन बुरुजांचा एसएमके तयार केला, लेनिनग्राडच्याच १८५ क्रमांकाच्या कारखान्याने त्याच अपेक्षांवर टी-१०० बनवला, आणि किरोव्ह कारखान्यातल्याच अभियंत्यांनी एसएमके आखूड करून, एक बुरूज काढून टाकून तिसरा रणगाडा पुढे आणला, तो केव्ही. हे तिन्ही नमुने एकत्रच आघाडीवर पाठवण्यात आले, म्हणजे चाचणीच्या मैदानाऐवजी प्रत्यक्ष लढाईतच त्यांची परीक्षा घेण्याचे ठरले. त्या लढाईत पेरलेल्या स्फोटकावर गेल्यामुळे एसएमकेचा पट्टा आणि पुढचा भाग निकामी झाला. टी-१०० ने त्याला ओढण्याचा प्रयत्न केला, तो यशस्वी होईना, तेव्हा एसएमकेच्या जवानांना टी-१०० ने आपल्या पोटात घेऊन मागे आणले. रणगाडा मात्र दोन्ही बाजूंच्या मधोमध तसाच पडून राहिला, कित्येक आठवडे, आणि फिनी लोकांनी त्याची छायाचित्रे घेतली. १९ डिसेंबर १९३९ रोजी केव्हीला सेवेत घेण्याचा निर्णय झाला आणि बर्फातल्या एसएमकेचे भवितव्य तिथेच संपले. पुढे सोव्हिएत सैन्याने तो भाग जिंकल्यावर त्याला सोव्हिएत टी-२८ रणगाड्यांनी ओढून नेले आणि तुकडे करून लेनिनग्राडला पाठवले.

ती छायाचित्रे जर्मन गुप्तवार्ता विभागाच्या हाती लागली आणि जर्मन माहितीपुस्तिकांत या रणगाड्याची नोंद ‘टी-३५ सी’ म्हणून झाली. टी-३५ हा पाच बुरुजांचा सोव्हिएत रणगाडा तोवर जगाला ठाऊक होता. मॉस्कोच्या लाल चौकातील संचलनांत तो दिमाखाने मिरवत असे. अनेक बुरुजांचा प्रचंड रशियन रणगाडा दिसला की तो टी-३५, हे समीकरण तयारच होते. माझ्या मते बुरूज पाचांऐवजी दोन दिसल्यावर मूळ नावावर शंका येण्याऐवजी त्यापुढे एक अक्षर जोडण्यातच त्या अधिकाऱ्याला समाधान वाटले असावे. मला त्या अनामिक अधिकाऱ्याचा राग येत नाही. त्याच्यापाशी मोजकी छायाचित्रे होती, वेळ थोडा होता आणि वरिष्ठांना उत्तर हवे होते.

तरीही उत्तर त्या छायाचित्रात होते. इथे एक गुंतागुंत आहे आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते: केवळ चाके मोजून भागले नसते, कारण टी-३५ लाही प्रत्येक बाजूस आठ चाके आहेत आणि एसएमकेलाही आठच. मोजणाऱ्याला उलट आपल्या चुकीच्या नावाला आधार मिळाल्यासारखेच वाटले असते. फरक मोजणीच्या पुढच्या पायरीवर आहे. टी-३५ ची चाके जोडीजोडीने बसवलेली आहेत आणि त्यांच्या वरचा बराचसा भाग उभ्या चिलखती पत्र्यांनी झाकलेला आहे, त्यामुळे स्प्रिंगा आणि पट्टा उचलून धरणारे वरचे रूळ बाहेरून दिसत नाहीत. एसएमकेचा तळ उघडा आहे. त्याचे प्रत्येक चाक स्वतंत्र दांडीवर असून टॉर्शन बारने, म्हणजे पीळ बसून स्प्रिंगचे काम करणाऱ्या पोलादी कांबीने, पेललेले आहे, आणि पट्ट्याखालचे चार रूळ स्पष्ट दिसतात. ज्याने नंतर केव्ही पाहिला आहे त्याला तर ही चाके ओळखीची वाटावीत, कारण केव्हीच्या खाली तीच रचना सहा चाकांची आणि तीन रुळांची होऊन बसली आहे. १९४१ च्या उन्हाळ्यात ज्या केव्हीने जर्मन रणगाडादलांना हादरवले, त्याचा थोरला भाऊ दीड वर्ष आधीच छायाचित्रांतून त्यांच्या टेबलावर येऊन गेला होता. त्याला जुने नाव मिळाल्यामुळे तो नवा आहे हेच कोणाच्या लक्षात आले नाही. चुकीच्या ओळखीची किंमत काय असू शकते हे समजण्यासाठी मला याहून बोलके उदाहरण सापडलेले नाही.

एसएमके वितळवला गेला, टी-१०० मात्र एका वेगळ्या रूपात उरला आहे. त्याचे बुरूज काढून त्यावर १३० मिलिमीटरची नौदलाची तोफ एका मोठ्या पेटीसारख्या चिलखतात बसवण्यात आली; ते वाहन एसयू-१०० वाय या नावाने ओळखले जाते आणि कुबिंकाच्या संग्रहात जतन केलेले आहे. त्याचे छायाचित्र पाहणारे बहुतेक जण त्या पेटीकडे आणि लांब नळीकडे पाहतात. मी त्याच्या आठ चाकांकडे पाहतो, कारण त्याच चाकांवरून एसएमकेचे जवान त्या डिसेंबरमध्ये जिवंत परत आले.

चुकीचे नाव दर वेळी निष्काळजीपणातून येत नाही, कधी ते समोरच्याने ठरवून दिलेले असते. जर्मनीने १९३० च्या दशकात तीन बुरुजांच्या ‘नॉयबाऊफारझॉयग’ रणगाड्याचे अवघे पाच नमुने बनवले. त्यांपैकी पहिले दोन साध्या पोलादाचे होते आणि त्यांच्या मुख्य बुरुजात दोन तोफा एकावर एक होत्या. पुढचे तीन चिलखती होते आणि त्यांच्यात त्या तोफा शेजारी शेजारी होत्या. एप्रिल १९४० मध्ये हे तीन चिलखती गाडे ऑस्लोला उतरवण्यात आले आणि त्यांची छायाचित्रे जगभर पसरली. पाहणाऱ्याचा असा ग्रह व्हावा की जर्मनीकडे जड रणगाड्यांचा ताफाच आहे. प्रत्यक्षात जो काही ताफा होता तो सगळा त्या चौकटीत मावलेला होता. मित्रराष्ट्रांच्या युद्धकालीन माहितीपुस्तिकांत या दोन बुरुजरचनांना पँझर ५ आणि पँझर ६ असे क्रमांकही लाभले, जे क्रमांक पुढे खऱ्या पँथर आणि टायगर या जर्मन रणगाड्यांचे ठरले. यातला एक गाडा नॉर्वेतच अडकला आणि जर्मनांनी स्वतः तो स्फोटाने उडवला. एकाच यंत्राची वेगवेगळ्या कोनांतून घेतलेली छायाचित्रे अनेक यंत्रांची वाटू शकतात, ही गोष्ट प्रचारखात्याला पक्की ठाऊक होती. म्हणून तेच ते यंत्र आहे का हे तपासण्यासाठी मी पत्र्यावरचा पोचा, रंगाचा ओघळ, वाकलेला मडगार्ड अशा खुणा नोंदवून ठेवतो.

अमेरिकेच्या टी-२८ च्या बाबतीत (सोव्हिएत टी-२८ निराळा) हाच प्रश्न कोणत्याही कारस्थानाशिवाय उभा राहतो. बुरूज नसलेले, सुमारे ८६ टनांचे हे वाहन दोनच नमुन्यांत बनले, आणि त्याला प्रत्येक बाजूस दोन असे एकूण चार पट्टे होते. वाहतुकीसाठी बाहेरचे दोन पट्टे सोडवून, एकमेकांना जोडून मागे ओढत नेता येत. त्यामुळे चार पट्ट्यांचे छायाचित्र आणि दोन पट्ट्यांचे छायाचित्र शेजारी ठेवले तर ती दोन निराळी वाहने वाटतात. शिवाय १९४५ मध्ये त्याचे नाव टी-९५ केले गेले आणि १९४६ मध्ये पुन्हा टी-२८. एक नमुना चाचणीत आगीने गेला. दुसरा १९७४ मध्ये व्हर्जिनियातील फोर्ट बेल्व्हॉयरच्या परिसरात टाकून दिलेला आढळला. ८६ टनांचे यंत्र विस्मृतीत जाऊ शकते, तर एक कागदी छायाचित्र किती सहज हरवेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

कागदी छायाचित्रांविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण या विषयाचा सर्वांत मोठा ठेवा सरकारी दप्तरांत नाही. तो सामान्य सैनिकांच्या अल्बमांत आहे. जून १९४१ मध्ये सोव्हिएत ३४ व्या रणगाडा विभागाचे टी-३५ पश्चिम युक्रेनच्या रस्त्यांवर एकामागून एक बंद पडले. शत्रूच्या तोफांपेक्षा गिअरबॉक्स आणि क्लच यांनीच त्यांचा घात अधिक केला. त्या रस्त्यांवरून पुढे जाणाऱ्या जर्मन सैनिकांनी त्या पाचबुरुजी राक्षसांसमोर उभे राहून हौसेने छायाचित्रे काढून घेतली. आज त्या सैनिकांचे वारस ते अल्बम विकतात, आणि जगभरच्या अभ्यासकांनी ती विखुरलेली छायाचित्रे जुळवून कोणता टी-३५ कोणत्या गावाबाहेर, कोणत्या स्थितीत सोडला गेला हे एकेका गाड्यापर्यंत निश्चित केले आहे. एका छायाचित्रात मागे चर्चचा मनोरा दिसतो, दुसऱ्यात तोच रणगाडा विरुद्ध बाजूने आहे आणि मागे नुसते शेत आहे. तिसऱ्यात त्याचे एक झाकण गायब झालेले आहे, म्हणजे ते नंतरचे. या पद्धतीबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

या छायाचित्रांतला माणूस मोजमापासाठीही कामी येतो. रणगाड्याशेजारी उभ्या माणसाच्या उंचीवरून यंत्राचा अंदाज घेणे ही जुनी रीत आहे, पण ती ढोबळ आहे, कारण माणसांच्या उंचीत फरक असतो आणि कोण उंचवट्यावर उभा आहे ते कळत नाही. ओळखीचे चाक हा अधिक भरवशाचा मापदंड. टी-३४ चे चाक ८३० मिलिमीटर व्यासाचे आहे. एखाद्या अनोळखी नमुन्याखाली तेच चाक ओळखता आले, तर बाकी सगळी मापे त्यावरून काढता येतात. छायाचित्र उलटे, म्हणजे आरशातल्यासारखे छापले गेले आहे का, हेही याच टप्प्यावर पाहायचे असते. टी-३४ च्या चालकाचे झाकण गाड्याच्या डाव्या बाजूला असते. ते उजवीकडे दिसले तर कोणताही गुप्त नमुना सापडलेला नाही, फक्त निगेटिव्ह उलट ठेवली गेली आहे. तरीसुद्धा त्या माणसांकडे मी मोजपट्टी म्हणून पाहून थांबू शकत नाही. कारखान्याच्या अंगणात नमुन्याच्या चिखलाळ पत्र्यावर हात ठेवून उभा असलेला तो यंत्रकार, ज्याने महिनोन्महिने त्यावर काम केले आणि ज्याचे काम नंतर रद्द ठरले, त्याच्या यंत्राला निदान बरोबर नाव मिळावे असे मला फार वाटते.

अलीकडे या कामात एक नवी अडचण आली आहे. संगणकाने बनवलेली, जुन्या छायाचित्रांसारखी दिसणारी चित्रे आता सर्वत्र फिरतात. जर्मनीचा हजार टनी ‘राटे’ १९४२ मध्ये कागदावर आखला गेला, १९४३ च्या सुरुवातीलाच रद्द झाला आणि कधीच बनला नाही, तरी त्याची ‘छायाचित्रे’ लोक विश्वासाने एकमेकांना पाठवत असतात. अशा चित्रांतही मी खालीच पाहतो. तोफ आणि बुरूज सफाईने रंगवलेले असतात, पण पट्ट्याचे दुवे दातेरी चाकाच्या दातांशी जुळत नाहीत, चाके एकमेकांत विनाकारण मिसळतात, आणि पट्टा वरून परत कुठे जातो याचा हिशेब लागत नाही. खऱ्या यंत्रातला प्रत्येक सुटा भाग काहीतरी काम करतो. खोट्या चित्रातला नुसता जागा भरतो.

भारतातले नमुने याच कसोटीला उतरतात आणि आपल्याकडे त्यांच्याविषयी फार कमी लिहिले जाते, याची मला खंत आहे. २००२ च्या सुमारास पुढे आलेला ‘टँक-एक्स’ हे त्याचे सुंदर उदाहरण आहे. त्याचा बुरूज भारतीय अर्जुन रणगाड्याचा, तळ सोव्हिएत बनावटीच्या टी-७२ चा. वरचा भाग पाहून कोणीही त्याला अर्जुन म्हणेल. परंतु अर्जुनला प्रत्येक बाजूस सात चाके आहेत आणि टी-७२ ला सहा. अर्जुनच्या बुरुजाखाली सहा चाके दिसली की तो टँक-एक्स, आणि अर्जुनच्या सात चाकांवर मोठी पेटीसारखी तोफकुटी दिसली की ती ‘भीम’ या स्वयंचलित तोफेची चाचणी. दोन्ही सैन्याने स्वीकारली नाहीत. विजयंता या भारतीय रणगाड्याचा पहिला नमुना १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये व्हिकर्स कंपनीने बनवला आणि १९६५ पासून चेन्नईजवळच्या आवडी या गावातील कारखान्यात त्याचे उत्पादन सुरू झाले. त्या दोन वर्षांतील छायाचित्रांत नमुना कोणता आणि आवडी येथे बनलेला कोणता, हे पाहण्याचे काम अजून कोणीतरी नीट करायला हवे. अहिल्यानगरलाच डीआरडीओची वाहन संशोधन आस्थापना आहे. तिने टाटांच्या साहाय्याने घडवलेले आठ चाकांचे उभयचर चिलखती वाहन २०१४ च्या डिफेन्स एक्स्पोत लोकांनी पाहिले. खडकी, अंबरनाथ, वरणगाव, अहिल्यानगर अशा गावांतल्या किती तरी कुटुंबांतली माणसे लष्करी कारखान्यांत आणि आस्थापनांत आयुष्यभर राबली आहेत.

त्यांच्या घरी संचलनाची, प्रदर्शनाची, निवृत्तीच्या समारंभाची, मागे एखादे चिलखती वाहन उभे असलेली जुनी छायाचित्रे असणार. ज्यांचे प्रकाशन करण्यास काही हरकत नाही अशी छायाचित्रे स्कॅन करताना वाचकांनी ती कडांसह पूर्ण स्कॅन करावीत, मागच्या बाजूचे हस्ताक्षर आणि स्टुडिओचा शिक्काही घ्यावा, आणि घरातल्या ज्येष्ठांना विचारून वर्ष व ठिकाण पेन्सिलीने हलकेच मागे लिहून ठेवावे. माणसांचे चेहरे मोठे दिसावेत म्हणून खालचा भाग कापण्याचा मोह होतो. तेवढा भाग कृपया राहू द्यावा, कारण चाके तिथेच असतात.